लेकरू वाढतं, घर तेवढंच राहतं

(या भागाचं शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचा. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.)

 

आज सुरुवातीलाच एक काम देते. आत्ता घरी असाल तर उठा आणि तुमच्या बाथरूमच्या दाराची रुंदी मोजा. टेप नसेल तर फोनमधलं मोजायचं ॲप चालेल. चौकटीच्या आतलं अंतर घ्यायचं, दार उघडल्यावर जेवढी मोकळी जागा उरते तेवढंच.

किती आलं? बहुतेकांचं चोवीस ते तीस इंचांच्या मध्ये असेल. आता एक साधी व्हीलचेअर साधारण पंचवीस इंच रुंद असते. त्यात चाक फिरवणाऱ्या हातांना दोन्ही बाजूंनी जागा लागते. केंद्र सरकारच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दाराची मोकळी रुंदी ९०० मिलीमीटर सांगितली आहे, म्हणजे पस्तीस इंचांच्या आसपास. थोडक्यात काय, तुमच्या-माझ्या घरात उद्या कुणी व्हीलचेअरवर आलं तर हॉलमध्ये चहा पिईल, पण बाथरूमला जाऊ शकणार नाही.

पाहुण्यांचं ठीक आहे, ते तासाभरानं जातात. पण ते मूल त्याच घरात राहत असेल तर?

आजचा भाग त्याबद्दल आहे. अपंगत्व असलेलं मूल, त्याचं कुटुंब आणि त्यांचं घर. सरकारी कागदांवर ‘दिव्यांग’ शब्द आहे, चळवळीतले बरेच लोक ‘अपंगत्व असलेली व्यक्ती’ म्हणतात. मी दोन्ही वापरणार आहे, वाद नको. आपण या मुलांबद्दल बोलतो तेव्हा डॉक्टर, थेरपी, शाळा आणि सर्टिफिकेट यांच्याबद्दल बोलतो. घराबद्दल फार कमी बोलतो. पण थेरपी आठवड्यातून तीन तास असते आणि घर चोवीस तास.

सिलिंडरचा हिशेब

चालता न येणारं एक मूल डोळ्यांसमोर आणा. तीन वर्षांचं असताना त्याचं वजन असतं चौदा किलोच्या आसपास. कडेवर घेतलं की झालं. आपल्याकडे तीन वर्षांचं कुठलंही मूल कडेवरच असतं, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटतही नाही. लिफ्ट नसलेली इमारत, तिसरा मजला, उंच उंबरठा, सगळं चालून जातं.

मग ते आठ वर्षांचं होतं. पंचवीस किलो. दहा-अकरा वर्षांचं होतं, तीस किलो. घरात येणारा भरलेला गॅस सिलिंडर आठवा. आत १४.२ किलो गॅस आणि टाकीचं वजन धरून तोही तीसच्या आसपास जातो. डिलिव्हरीवाला तो खांद्यावर टाकून वर आणतो तेव्हा आपण म्हणतो, “दादा, पाणी घेता का?”

आता त्या मुलाच्या आईचा दिवस मोजा. अंथरुणातून संडासात. तिथून आंघोळीला. आंघोळीहून पलंगावर, कपडे घालायला. मग खुर्चीवर. शाळेची रिक्षा आली की खाली. दुपारी परत वर. पुन्हा संडास, पुन्हा खुर्ची, पुन्हा पलंग. दिवसाला दहा-बारा वेळा उचलणं सहज होतं. सिलिंडर निदान हलत तरी नाही. मुलाचे हातपाय आखडतात, अंग ताठ होतं, साबणानं निसरडं झालेलं असतं, आणि त्याला लागू नये म्हणून आई स्वतःची पाठ वाकडी करते.

माझं म्हणणं एवढंच आहे की या दहा-बारा उचलण्यांपैकी निम्म्या तरी मुलाच्या अपंगत्वामुळे नाहीत, घरामुळे आहेत. दार रुंद असतं, संडासाच्या दारात चार-सहा इंचांची पायरी नसती, भिंतीला धरायला दांडा असता, तर त्यातल्या काही वेळा ते मूल चाकावरून गेलं असतं, काही वेळा दांडा धरून स्वतः सरकलं असतं. आईची पाठ वाचली असती हे तर आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की बारा वर्षांच्या मुलाला संडासाला जाण्यासाठी आईला हाक मारावी लागली नसती. त्या वयात ती किती मोठी गोष्ट असते, तुम्हीच आठवून बघा.

घरच ठरवतं, कोण काय करणार

याचा घरावर काय परिणाम होतो ते बघूया. पहिला, नोकरी. जिथे मुलाला खाली-वर न्यायला दोन माणसं लागतात, तिथे शाळेची वेळ बाबांच्या शिफ्टवर ठरते. बाबांची शिफ्ट बदलली की शाळा बुडते. मग कुणीतरी घरी थांबायचं ठरतं, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा आईच असते.

दुसरा, झोप. २०११ च्या जनगणनेत देशातली जवळपास ३७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहत होती. ज्या मुलाला रात्री दोन-तीनदा कूस बदलून द्यावी लागते किंवा फिट येते किंवा जे रात्री दोनला उठून हसायला लागतं, त्याच्यासोबत सगळं घर जागं होतं. दहावीला बसलेली ताईसुद्धा. या ताई-दादांबद्दल कुणी विचारत नाही. ते शहाणे म्हणून ओळखले जातात, पण त्यांच्यापुढे दुसरा पर्यायच नसतो.

तिसरा परिणाम साधनांवर होतो. थेरपिस्ट सांगतात, उभं राहण्यासाठी स्टँडिंग फ्रेम घ्या, बसायला खास खुर्ची घ्या, वॉकर घ्या. बरोबरच सांगतात. पण ठेवायचं कुठे? मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर सुरुवातीला २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ झालं आणि आता ३०० आहे. त्यात पलंग, कपाट, फ्रिज, ओटा, पाच माणसं. स्टँडिंग फ्रेम दुसऱ्या महिन्यात पोटमाळ्यावर जाते. मग फाईलवर शेरा येतो, ‘पालक घरी व्यायाम घेत नाहीत.’ पालक घेतील हो, पण फ्रेम उभी करायची तर कुणालातरी खोलीबाहेर उभं राहावं लागेल.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. ब्रिटनमध्ये यॉर्क विद्यापीठातल्या ब्रायनी बेरेसफर्ड आणि क्रिस्टीन ओल्डमन या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या शेवटापासून पुढची काही वर्षं नेमका हाच अभ्यास केला, अपंगत्व असलेली मुलं आणि त्यांची घरं. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अडचण फक्त पायऱ्यांची आणि दारांची नव्हती, जागा कमी पडणं हीसुद्धा मोठी अडचण होती. आणि ती फक्त व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलांची नव्हती. ज्यांना चालता येतं, पण शिकण्यात किंवा वागण्यात अडचणी आहेत, त्यांच्या कुटुंबांनाही घर अपुरं पडत होतं.

तिथे एक पुढचं पाऊल पडलं. घरात बदल करण्यासाठी इंग्लंडमध्ये सरकारी अनुदान मिळतं, कमाल तीस हजार पौंडांपर्यंत. पूर्वी पालकांचं उत्पन्न बघून ते किती द्यायचं ठरायचं. २००५ च्या शेवटी मुलांसाठी ही उत्पन्नाची अट काढून टाकली. विचार असा की रॅम्प मुलाची गरज आहे, ती बाबांच्या पगारावरून का ठरवायची? तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही, पण प्रश्न कुणाचा मानायचा, एवढं तरी ठरलं. आपल्याकडे हा खर्च बहुतेक घरांत आईबाबांच्याच खिशातून होतो, नाहीतर होतच नाही.

चालता येणाऱ्या मुलाचं घर

आता ऑटिझमबद्दल थोडं बोलते, कारण ‘सुगम्य घर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रॅम्पच येतो.

ऑटिझम असलेलं एखादं मूल धावतं, चढतं, उड्या मारतं. कुकरची शिट्टी झाली की कान झाकून ओरडतं. कुणाला मिक्सरचा आवाज सहन होत नाही, कुणाला ट्यूबलाइटची लुकलुक. कुणाला पाण्याचं वेड, कुणाला खिडकीचं. अशा मुलाच्या घराला रॅम्प नको असतो. खिडक्यांना नीट ग्रिल हवं असतं, गॅलरीला पूर्ण उंचीची जाळी हवी असते, आतून कडी न लागणारं बाथरूमचं दार हवं असतं आणि एक कोपरा हवा असतो जिथे ते शांत होऊ शकेल. कोपरा म्हटलं तरी चालेल. खोली म्हणण्याची आपली ऐपत नसते.

आणि भिंतीपलीकडे शेजारी असतात. खालच्या मजल्यावरच्या काकांना दुपारी झोप हवी असते, त्यात त्यांचंही चूक नाही. वरून धपधप आवाज येतो. पहिल्यांदा ते सांगतात, दुसऱ्यांदा बेल वाजवतात, तिसऱ्यांदा सेक्रेटरीकडे तक्रार जाते. मग आई मुलाला दिवसभर “उड्या नको, ओरडू नको” करत राहते. घर म्हणजे जिथे आपण सैल होतो ती जागा ना? या कुटुंबांना स्वतःच्या घरातच पाहुण्यासारखं दबकून राहावं लागतं.

भाड्याचं घर असेल तर आणखी कठीण. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार असतो. ज्या मुलाला रोजचा क्रम बदललेला चालत नाही, पलंगाची दिशा बदलली तर जे दोन रात्री झोपत नाही, त्याचं घर दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतं. शिवाय मालक म्हणतो भिंतीला भोक पाडायचं नाही. दांडा लावायचा तर भोक पाडावंच लागतं. म्हणजे मुलाची सुरक्षितता आणि डिपॉझिट यांतलं एक निवडायचं.

तिसरा मजला ते तळमजला

इथे माझ्या घरचं थोडं सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल.

माझ्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे. आम्ही डोंबिवलीत लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. तो सात-आठ वर्षांचा होईपर्यंत रोज खाली जायचा. बाबा न्यायचे, कधी मामा न्यायचा. मग हळूहळू शाळा सोडून बाकीचं बंद झालं. लग्नं बंद झाली, गणपती बघायला जाणं बंद झालं. मग शाळेचे दिवस कमी झाले. अकराव्या वर्षी तो फक्त डॉक्टरकडे जाण्यासाठी खाली उतरायचा. गंमत अशी की हे घरात कुणी ठरवलं नव्हतं. ‘आजपासून याला खाली न्यायचं नाही’ असं कुणीच म्हणालं नाही. फक्त रोज कुणीतरी म्हणायचं, “आज राहू दे.”

शेवटी ते घर भाड्यानं देऊन आम्ही बदलापूरला तळमजल्यावर भाड्यानं राहायला गेलो. बाबांचा लोकलचा प्रवास वाढला. तळमजल्याला ओल असते, डास असतात, आणि बदलापूरला पावसाळ्यात तळमजल्यावर राहणाऱ्याला पाण्याची धास्ती काय असते ते तिथल्या लोकांना विचारा. पण महिन्याभरात भाऊ रोज संध्याकाळी गेटपाशी खुर्चीत बसायला लागला. इमारतीतल्या पोरांना त्याचं नाव माहीत झालं. क्रिकेटच्या स्कोअरचं काम त्याच्याकडे आलं, कारण तो एकही रन विसरायचा नाही. तीन वर्षं थेरपी घेऊन जे बोलणं वाढलं नव्हतं ते तिथे वाढलं. थेरपी वाया गेली असं म्हणत नाहीये मी. बोलायला समोर माणसं लागतात, आणि माणसं तळमजल्यावर होती.

आईचं म्हणाल तर ती पहिल्या महिन्यात खूप झोपली. आम्हाला वाटलं आजारी आहे. आजारी नव्हती, दमली होती. अकरा वर्षांचं दमणं होतं ते.

शाळेशी याचा थेट संबंध आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला. ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी तो चांगला आहे. पण एखादं मूल घरी शिकत असेल तर एकदा विचारा, ते अपंगत्वामुळे घरी आहे की जिन्यामुळे? कारण जिन्यावर इलाज आहे.

कायदा काय म्हणतो

आता कामाचं बोलू. इथून पुढचं सेव्ह करून ठेवा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे, एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, जुन्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. ऑटिझम आणि सेरेब्रल पाल्सी दोन्ही यादीत आहेत. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर बरेच लाभ मिळतात, म्हणून यूडीआयडी कार्ड आधी काढा.

घराच्या दृष्टीनं चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक. कलम ३७ प्रमाणे सरकारी घर योजनांमध्ये पाच टक्के आरक्षण आहे, त्यातही अपंगत्व असलेल्या महिलांना प्राधान्य. म्हाडाच्या सोडतीतही दिव्यांगांसाठी वेगळा प्रवर्ग असतो. अर्ज भरताना तो पर्याय बघा. मूल अज्ञान असेल तर अर्ज कुणाच्या नावानं करायचा, कुठली कागदपत्रं जोडायची, हे त्या वेळच्या जाहिरातीत नीट वाचा.

दोन. शहरी प्रधानमंत्री आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये असं आहे की ज्या कुटुंबात अपंग व्यक्ती किंवा ज्येष्ठ नागरिक आहेत त्यांना वाटपात शक्यतो तळमजला किंवा खालचा मजला द्यावा. ‘शक्यतो’ शब्द आहे, म्हणजे आपोआप मिळेल असं नाही. लेखी मागावं लागतं, आणि सोडतीत मजला ठरायच्या आधी मागावं लागतं. चावी मिळाल्यावर सातवा मजला बदलून घेणं फार अवघड.

तीन. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत, सगळ्यांनी. त्यातून काय द्यायचं हे जागोजागी वेगळं असतं. तुमच्या पालिकेत या वर्षी किती रक्कम ठेवली आणि कशावर खर्च केली हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी याहून चांगला विषय मिळणार नाही.

चार, आणि हा मुद्दा सोसायट्यांसाठी. ‘हा कायदा सरकारी ऑफिसांसाठी आहे, आमच्या सोसायटीचा काय संबंध?’ असं हमखास ऐकायला मिळतं. कायद्यात खासगी आस्थापनेची व्याख्या दिली आहे. त्यात कंपनी, फर्म, ट्रस्ट यांच्यासोबत सहकारी सोसायटीचाही उल्लेख आहे. तो उतारा मोबाईलमध्ये ठेवा आणि मीटिंगमध्ये दाखवा. कायद्याचं उल्लंघन झालं तर पहिल्या वेळेला दहा हजार रुपयांपर्यंत आणि नंतर पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

शिवाय ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी यांच्या खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. सुगम्यतेचे नियम कागदावर सल्ल्यासारखे लिहिले होते, म्हणजे केलं तर बरं. न्यायालय म्हणालं की हे मूळ कायद्याशी सुसंगत नाही, किमान काही नियम बंधनकारकच हवेत, आणि ते तयार करायला केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. प्रकरण मुख्यतः सार्वजनिक जागांचं होतं, पण दिशा स्पष्ट आहे. रॅम्प ही मेहेरबानी नाही.

रॅम्प आणि घसरगुंडी यांतला फरक

आता थोडं गणित. नियमानुसार रॅम्पचा उतार एकास बारा हवा. म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. तुमच्या इमारतीच्या तोंडाशी सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर उंची झाली अठरा इंच. म्हणजे रॅम्प हवा अठरा फूट. आता आठवा, किती ठिकाणी तीन पायऱ्यांवर चार फुटांची फळी टाकून ‘रॅम्प केलाय’ म्हणतात. ती घसरगुंडी आहे. त्यावरून व्हीलचेअर ढकलणारा आणि बसणारा दोघंही पडतील. सरळ अठरा फूट जागा नसेल तर वळण घेता येतं, मध्ये सपाट जागा देता येते. पण गणित चुकवता येत नाही.

लिफ्टचंही तसंच. जुन्या इमारतीला मागून लिफ्ट बसवतात तेव्हा ती बऱ्याचदा दोन मजल्यांच्या मध्ये, जिन्याच्या वळणावर उघडते. म्हणजे अर्धा जिना राहिलाच. नव्या इमारतीत पार्किंगपासून लिफ्टच्या लॉबीपर्यंत दोन पायऱ्या असतात, कारण पाणी आत येऊ नये. पंधरा मजले लिफ्टनं जाता येतं आणि दोन पायऱ्या अडवतात.

म्हणून रिडेव्हलपमेंटकडे लक्ष द्या. मुंबई-पुण्यात सध्या जुन्या सोसायट्या धडाधड पाडून नव्या होतायत. मीटिंगमध्ये चर्चा कशावर होते? जास्तीचा कार्पेट एरिया किती, कॉर्पस किती, भाडं किती. बिल्डरसोबत करार व्हायच्या आधी त्यात चार ओळी घालता येतात. प्रवेशद्वारापासून लिफ्टपर्यंत एकही पायरी नको. लिफ्टचं दार ९०० मिलीमीटरचं हवं. ज्या घरात गरज आहे तिथे दारं रुंद आणि बाथरूमची फरशी बाहेरच्या पातळीला. त्या कुटुंबाचं पार्किंग लिफ्टच्या जवळ. नकाशावर हे बदल जवळपास फुकटात होतात. इमारत उभी राहिल्यावर ते महाग पडतात, कधी कधी अशक्य होतात.

अशक्य का, तेही सांगते. आजकाल बऱ्याच टॉवरमध्ये मायवान पद्धत वापरतात. ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंतीसुद्धा काँक्रीटच्या ओततात. काम झटपट होतं. पण त्या भिंती इमारतीचा भार घेतात, त्यामुळे नंतर दार रुंद करायला त्या तोडता येत नाहीत. मुलासाठी घर घेत असाल तर ‘भिंती विटांच्या की मायवान?’ हा प्रश्न ‘व्ह्यू कसा आहे?’ याच्या आधी विचारा.

आज, आहे त्या घरात

सगळ्यांना घर बदलणं परवडत नाही. मग आहे त्यात काय होऊ शकतं?

बाथरूमचं दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडेल असं फिरवून घ्या. आतली जागा वाढते, आणि मूल आत पडलं तर दार अडकत नाही. दार काढून सरकतं किंवा घडीचं लावलं तर दोन-तीन इंच मिळू शकतात, कधी कधी तेवढेच हवे असतात.

दांडा लावताना तो फरशीला नाही, मागच्या भिंतीला घट्ट बसला पाहिजे. सिपोरेक्ससारखे हलके ब्लॉक असतील तर साधा स्क्रू सुटतो, त्यासाठी वेगळे अँकर मिळतात. सक्शनवर चिकटणारे दांडे ऑनलाइन स्वस्तात मिळतात. त्यांच्यावर माणसाचं वजन टाकू नका, ते निसटतात.

उंबरठा काढता येत नसेल तर दोन्ही बाजूंनी उतार करून घ्या. कडप्पा किंवा गुळगुळीत टाइल्स असतील तर घसरू न देणारी मॅट टाका, आणि तिच्या कडा दुमडत नाहीत ना ते बघा. ऑटिझम असलेल्या मुलासाठी जाड पडदे, जमिनीवर जुनी गादी, त्यावर उड्या मारायची ठरलेली जागा. खालच्या काकांनाही फरक कळेल. ग्रिल लावताना एक भाग कुलपाचा ठेवा आणि किल्ली मोठ्यांच्या हाताशी ठेवा. आग लागली तर तीच वाट असते.

आणि काहीही तोडण्याआधी एकदा ऑक्युपेशनल थेरपिस्टला घर दाखवा. प्रत्यक्ष शक्य नसेल तर व्हिडिओ कॉलवर. कुणाला दांडा डावीकडे हवा, कुणाला उजवीकडे, किती उंचीवर, हे मुलाच्या हातातल्या ताकदीवर ठरतं, प्लंबरच्या सवयीवर नाही.

तुम्ही काय करू शकता

माझे ऐकणारे बहुतेक विशी-पंचविशीतले आहात. तुमच्या नावावर घर नाही, सोसायटीत मत नाही. तरीही बरंच करता येतं.

अशा कुटुंबाचा अर्ज लिहून द्या. आईबाबांना वेळ नसतो आणि बऱ्याचदा संकोच असतो, ‘आपल्या एकट्यासाठी सगळ्यांना खर्चात कशाला पाडायचं?’ अर्जात काय हवं, का हवं, कुठे हवं हे लिहा. एक साधा नकाशा, खर्चाचा अंदाज आणि यूडीआयडी कार्डची प्रत जोडा. सेक्रेटरीकडून पोच घ्या. तोंडी बोलण्याला पोच नसते. उत्तर आलं नाही तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाता येतं. दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे, तिथे तक्रार करता येते.

वार्षिक सभेत विषय आधी अजेंड्यावर घालायला सांगा. ऐनवेळी मांडला तर ‘पुढच्या वर्षी बघू’ होतं. आणि मुलाचं पुढचं वर्ष म्हणजे आणखी तीन किलो.

लोकांना पटवताना ‘रॅम्प आजी-आजोबांनाही उपयोगी पडेल’ असं सांगाल, सांगा, ते खरंच आहे. बाबागाडीला, सामानाच्या ट्रॉलीला, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्याला, सगळ्यांना होतो. पण त्याच्यावरच थांबू नका. इमारतीत एकही आजी नसती आणि फक्त ते एक मूल असतं, तरीही रॅम्प हवाच होता. हे वाक्य कुणीतरी सभेत मोठ्यानं म्हणायला लागतं. आईबाबांनी म्हटलं की ती विनंती वाटते. शेजाऱ्यानं म्हटलं की तो मुद्दा होतो.

आर्किटेक्चर किंवा सिव्हिल शिकत असाल तर पुढच्या सबमिशनमध्ये एक टू-बीएचके असा काढा, ज्यात व्हीलचेअर पाच फुटांच्या गोलात वळू शकेल, बाथरूममध्येसुद्धा. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये ते बसवून दाखवा. बसणार नाही. मग जागा कुठून आणायची ते शोधा. खरा अभ्यास तिथे सुरू होतो.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. रस्त्यावर, लोकलमध्ये, थिएटरात आपल्याला त्यातले किती दिसतात? बाकीचे कुठे आहेत, हा प्रश्न पडला असेल तर त्याचं एक उत्तर तुमच्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर असू शकतं. वर जाऊन बेल वाजवा. ‘काही मदत हवी का?’ असं मोघम विचारू नका, ‘नको’ म्हणतील. ‘शनिवारी संध्याकाळी मी आणि माझा मित्र याला खाली आणतो, तुम्ही फक्त कसं उचलायचं ते दाखवा’ असं म्हणा.

तुमच्या बाथरूमच्या दाराचा आकडा मला कमेंटमध्ये लिहा. फक्त इंच लिहा, पत्ता नको. पुढच्या भागात ते सगळे आकडे एकत्र वाचून दाखवते आणि सोबत एका ऑक्युपेशनल थेरपिस्टशी गप्पा मारणार आहे. तुमचे प्रश्नही पाठवून ठेवा.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.